आडव्या रेघेची तपासणी

संगणकाच्या पडद्यावरील आडवी रेघ नेमकी कोणती, याची चिकित्सा करीत बसणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटेल. पण ओपन सोर्स, अर्थात ज्यांची मूळ संहिता सर्वांसाठी खुली असते अशा आज्ञावलींच्या जगात, २०२३ मध्ये याच रेघेवरून चांगलाच वाद रंगला. माहितीपत्रकांच्या मांडणीतील दुरुस्त्या तपासणाऱ्यांचे काम किती जोखमीचे असते, हे त्या वादातून दिसून आले.

युनिक्स आणि लिनक्स प्रणालींत बहुतेक प्रत्येक आज्ञेसोबत तिचे माहितीपत्रक असते. त्याला ‘मॅन पेज’ म्हणतात. मॅन्युअल या शब्दाचे हे लघुरूप. युनिक्सची पहिली पुस्तिका केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये बेल लॅब्जमध्ये सिद्ध केली. ही पाने ‘रॉफ’ कुळातील खुणांच्या भाषेत लिहिली जातात आणि आज ‘ग्रॉफ’ ही आज्ञावली त्यांची मांडणी करते. या भाषेत नुसती रेघ म्हणजे जोडशब्दातील संयोगचिन्ह. तिच्याआधी उलटी तिरपी रेघ दिली, तर ती उणे चिन्हाची रेघ. आज्ञेचे पर्याय देताना कळफलकावरून जी रेघ टंकावी लागते, ती मिळवण्यासाठी हा दुसरा मार्गच वापरावा लागतो. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. संगणकासाठी ती दोन वेगळी अक्षरे आहेत.

असंख्य लेखकांनी वर्षानुवर्षे हा भेद पाळलाच नाही, आणि ग्रॉफनेही तो पोटात घातला होता. जुलै २०२३ मध्ये आलेल्या १.२३ या आवृत्तीने ही सवलत काढून घेतली. परिणामी, सदोष पानांवरची आज्ञा जशीच्या तशी उचलून चालवावी तर संगणक ती नाकारू लागला. पानात एखादा पर्याय शोधावा तर तो समोर असूनही सापडेना. डेबियनने आपल्या वापरकर्त्यांसाठी जुनी पद्धत पुन्हा लागू केली.

मग सगळ्या रेघा एका झटक्यात बदलून का टाकू नयेत? कारण ‘रीड-ओन्ली’सारख्या जोडशब्दातील संयोगचिन्ह आहे तेच बरोबर आहे. सरसकट बदल केला, तर जुनी चूक जाऊन नवी येते. कोणती रेघ आज्ञेची आणि कोणती भाषेची, हे वाक्य वाचल्याशिवाय ठरत नाही.

दुरुस्ती सुचवणारा आपला बदल ‘पॅच’च्या रूपात पाठवतो. तपासनिसासमोर काढलेल्या ओळी वजा चिन्हाने आणि नव्या ओळी अधिक चिन्हाने येतात. एखाद्या परिच्छेदाच्या ओळी नव्याने जुळवल्या, की एकही शब्द न बदलता सगळा परिच्छेद बदललेला दिसतो. अशा गर्दीत अर्थाचा बदल सहज लपून जातो. म्हणूनच लिनक्सच्या गाभ्यासाठी एका पॅचमध्ये एकच प्रश्न सोडवण्याचा दंडक आहे. मांडणी वेगळी, मजकूर वेगळा.

रिकाम्या जागांतील फरक झाकण्याची सोय ‘गिट’मध्ये आहे. ती उपयुक्त खरी, पण तिच्यावर विसंबणे घातक. ‘मेकफाइल’मध्ये आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते. नीटनेटकेपणाच्या हौसेने कोणी माहितीपत्रकातील अशा नमुन्यात टॅबच्या जागी मोकळ्या जागा भरल्या, तर पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नाही. नमुना उतरवून घेणाऱ्याचे काम मात्र अडते. आणि फरक झाकण्याची सोय नेमका हाच बदल लपवते! तीच गोष्ट पायथनची, जिथे ओळीपुढची मोकळी जागाच रचना ठरवते.

एका रिकाम्या जागेची किंमत किती असू शकते, हे २०११ मध्ये ‘बम्बलबी’ प्रकल्पाने अनुभवले. त्याच्या स्थापना-संहितेत फाइली पुसण्याच्या आज्ञेत एक जागा जास्त पडली आणि एका उपनिर्देशिकेऐवजी ‘यूएसआर’ ही अख्खी निर्देशिकाच पुसली जाऊ लागली. हा दोष माहितीपत्रकातला नव्हता, हे खरे. पण माहितीपत्रकातील आज्ञाही लोक तितक्याच विश्वासाने चालवतात.

त्यामुळे दक्ष तपासनीस केवळ बदललेल्या ओळींवर नजर फिरवून थांबत नाही. तो पान तयार करून पाहतो, त्यातील आज्ञा उचलून चालवून बघतो. बदल करणाऱ्याला यंत्राच्या साहाय्याने शेकडो पाने काही क्षणांत बदलता येतात. तपासणाऱ्याला ती एकेक करून वाचावी लागतात, आणि हे काम करणारे पुष्कळदा स्वयंसेवकच असतात.