एकवीस तोफांचा मान

26 जानेवारीला कर्तव्य पथावर तिरंगा फडकतो, राष्ट्रगीत सुरू होते आणि त्याच क्षणी पहिली तोफ कडाडते. राष्ट्रगीत 52 सेकंदांचे. तेवढ्या वेळात 21 बार व्हायचे, म्हणजे दोन बारांमध्ये जेमतेम अडीच सेकंद. सात तोफा आळीपाळीने तीन-तीन बार काढतात. गोळा नसतो, नुसती दारू भरलेली असते. एखादा बार रेंगाळला तर साऱ्या देशाला ऐकू जाईल, म्हणून तोफचींची तालीम आधी कितीतरी दिवस चाललेली असते.

सन्मान करायचा तर तोफ का उडवायची? याचे उत्तर समुद्रावर आहे. जुन्या तोफेत दारू आणि गोळा नळीच्या तोंडातून ठासावा लागे आणि एकदा उडवली की ती पुन्हा भरायला वेळ लागे. परक्या बंदरात शिरणारे जहाज आपल्या तोफा आधीच उडवून टाकी. आता आमच्याकडून तुम्हाला धोका नाही, हे त्यातून किनाऱ्याला कळे. जहाजाने सात बार काढायचे आणि किल्ल्याने एकेका बाराला तिनाने उत्तर द्यायचे, त्यातून 21 चा आकडा आला असे सांगतात. बळ दाखवणारी वाटणारी ही सलामी मुळात स्वतःला निःशस्त्र करण्याची रीत होती, आणि मला तिचे मोठेपण त्यातच वाटते.

इंग्रजांनी हिंदुस्थानात तिची उतरंड केली. बादशहाला 101 तोफा, व्हाइसरॉयला 31 आणि त्याखाली संस्थानिक, 21 पासून 9 पर्यंत. स्वातंत्र्याच्या वेळी 21 तोफांचे मानकरी पाचच होते: हैदराबाद, म्हैसूर, काश्मीर, बडोदा आणि ग्वाल्हेर. म्हणजे गायकवाड आणि शिंदे ही दोन मराठी घराणी सर्वांत वरच्या पायरीवर होती. कोल्हापूरच्या छत्रपतींना 19, तर सांगली आणि सावंतवाडीला 9. ज्या गादीशी शिवछत्रपतींचे नाव जोडलेले, तिला मराठेशाहीतल्या एका काळच्या सरदारांपेक्षा दोन तोफा कमी! हा हिशेब इतिहासाचा नव्हता, साम्राज्याच्या सोयीचा होता. या दोन-दोन तोफांसाठी दरबारांमध्ये अर्जविनंत्या आणि रुसवेफुगवे चालत. 1971 च्या 26व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपवले. प्रजासत्ताकाने सलामी ठेवली, उतरंड मोडली. हे मला फार महत्त्वाचे वाटते.

तोफा मात्र दीर्घकाळ इंग्रजांच्याच राहिल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या 25 पौंडी. 15 ऑगस्ट 2022 रोजी लाल किल्ल्यावर त्यांच्या जोडीला एक स्वदेशी तोफ धडाडली. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेने घडवलेली ही ‘अटॅग्स’. पुढच्याच प्रजासत्ताक दिनी जुन्या तोफा बाजूला झाल्या आणि 105 मिलिमीटरच्या भारतीय तोफांनी सलामी दिली.

सलामीचे दुसरे रूप महाराष्ट्रातल्या गावांना जास्त ओळखीचे आहे. सीमेवर गेलेल्या जवानाचे पार्थिव येते, बंदुका आकाशाकडे रोखल्या जातात आणि तीन फैरी झडतात. जुन्या काळी दोन्ही बाजू लढाई थांबवून आपापले मृत उचलून नेत, मग फैरी झाडून पुन्हा तयार असल्याचे कळवत. ही प्रथा तिथूनच आली असे मानतात. या प्रसंगी ध्वजसंहितेचा नियम नेमका आहे. शवपेटीवरच्या तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याकडे हवा. ध्वज चितेवर जाळायचा नाही की कबरीत उतरवायचा नाही. अंत्यसंस्काराच्या आधी तो काढून, घडी घालून घरच्यांच्या हाती सोपवतात. त्या गर्दीत, त्या आकांतात हे सगळे अचूक पार पाडणाऱ्या तुकडीच्या संयमाबद्दल मला अपार आदर आहे. तिथे राष्ट्रगीताची 52 सेकंदे मोजायची नसतात, तरी कुणाचाही हात डळमळत नाही.