‘बिझी आहे’ हे मराठीत किती प्रकारे म्हणता येतं? पलूसच्या बागेपासून व्हिएतनामपर्यंत

‘सध्या बिझी आहे, नंतर बोलू.’ हा मेसेज तुम्ही आज एकदा तरी पाठवला असेल. पण पलूस, कुंडल, भिलवडीच्या पट्ट्यात ऑक्टोबरमध्ये कुणाला फोन लावून बघा. ‘बिझी’ क्वचितच ऐकू येईल. उत्तर येईल, ‘छाटणी हाय.’ दोन शब्दांत विषय संपतो.

कारण ज्याला द्राक्षबाग माहितीये, त्याला पुढचं सांगावं लागत नाही. फळछाटणी झाली की काड्यांना पेस्ट लावणं, फुटवे काढणं, विरळणी, डिपिंग हे एकामागून एक येतं. मध्येच पाऊस आला तर डाऊनीच्या भीतीनं औषध लगेच मारावं लागतं, मग घरात लग्न असो की दिवाळी. ऊसवाल्याचं उत्तर ‘तोड आलीया’. टोळी शेतात उतरली की गाव सोडता येत नाही. आणि किर्लोस्करवाडीत, जिथं १९१० पासून कारखाना आहे, तिथंही दोन शब्दांत भागतं : ‘शिफ्टला हाय’.

थोडक्यात, आपल्याकडे आपण किती व्यस्त आहोत हे सांगत नाहीत, कशात अडकलोय ते सांगतात. ऐकणाऱ्याला राग येत नाही तो त्यामुळेच.

बाकी शब्दही काही कमी नाहीत. ‘फुरसत’ अरबीतून आलेला, ‘सवड’ आपला. ‘गडबड’ थोड्या वेळाची, ‘धांदल’ कार्याच्या दिवसाची, ‘व्याप’ मात्र वर्षानुवर्षांचा. काम असताना वर आणखी काम आलं तर ‘घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं’. उगाच बिझी असल्याचं दाखवणाऱ्यासाठी तर खास म्हण आहे : ‘काम नाही कवडीचं, रिकामपण नाही घडीचं’. (स्टेटसला ठेवायला हरकत नाही.)

जबाबदारीनं बांधलं जाणं वेगळं. त्याचे शब्द बहुतेक गोठ्यातून आलेत. कामाला ‘जुंपणं’, मानेवर ‘जू’ येणं, ‘दावणीला बांधणं’, घाण्याचा बैल होणं. व्याप स्वतः वाढवता येतो, दावणीला मात्र दुसरं कुणीतरी बांधतं.

व्हिएतनामी भाषेत ‘व्यस्त’साठी साधा शब्द आहे ‘बन्’ (उच्चार अंदाजे). कामानं पार बुडालेल्या माणसाबद्दल ते म्हणतात ‘तोय मात तोय मुय’, शब्दशः डोळे अंधारले, नाक अंधारलं. आणखी एक प्रयोग आहे ‘बन् कॉन मॉन’, म्हणजे तान्ह्या पोरात अडकलेली. घराबाहेर पडता येत नाही, पण त्याला कुणी ‘काही करत नाही’ म्हणत नाही. भाषेनं त्या कामाची ‘व्यस्त’ म्हणून नोंद घेतलीय.

आपल्याकडे इथंच गंमत होते. ‘रामरगाडा’, ‘धबडगा’ हे भारी शब्द घरकामालाच जास्त लागतात. पण त्याच बाईला ‘तुम्ही काय करता?’ विचारलं की बरेचदा उत्तर येतं, ‘काही नाही, घरीच असते.’ २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात देशातल्या घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवताना दिसल्या. घरकामात हात घालणारे पुरुष, ९७ मिनिटं. म्हणजे जवळपास पाच तास, आणि शब्द काय, तर ‘काही नाही’. पलूसच्या बाजूला यात आणखी भर पडते. विरळणीला बागेत जाणाऱ्या बायकांचं सकाळचं घरकाम कुणी वाटून घेत नाही, ते फक्त पहाटे सरकतं.

तरी बैलाचं एक बरं आहे. सातारा-सांगलीकडे बेंदराला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. अंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल, दिवसभर सुट्टी. आणि नैवेद्याची पुरणपोळी त्या दिवशी चुलीवर करावीच लागते.