सत्तावीस खुर्च्या

मुलांच्या वह्या तपासावयास घेतल्या की शेवटच्या पानापासून आरंभ करावयाचा, ही आमची जुनी खोड. धडे मुले गुरुजींसाठी लिहितात. शेवटच्या पानावर जे लिहितात ते स्वतःसाठी. बेळगावातील आमच्या सरकारी मराठी शाळेत सातवीच्या एका मुलाच्या वहीत त्या पानावर सत्तावीस नावे सुवाच्य अक्षरांत, क्रमांक घालून मांडलेली आढळली. सारी नावे परदेशी. ‘आशीर्वाद’ हा शब्द दर शुद्धलेखनात नव्या रीतीने चुकविणाऱ्या या चिरंजीवांनी ‘इबन मॉस-बॅक्रॅक’ हे नाव मात्र कोठेही न अडखळता लिहिले होते! रागावण्याच्या तयारीनेच आम्ही त्यास बोलाविले. ती ‘ॲव्हेंजर्स: डूम्सडे’ या इंग्रजी चित्रपटाची नटमंडळी आहे, असे त्याने सांगितले. त्या चित्रपटाच्या प्रदर्शनासाठी १८ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर झालेली आहे. आमचा राग कुतूहलात कसा विरघळला हे कळले नाही.

आमची स्वतःची या विषयातील तयारी इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ आणि मँड्रेक यांच्यापाशी संपलेली. परंतु आमचे धाकटे चिरंजीव दिवाळीत घरी आले असता त्यांनी ओळीने तीन रात्री आम्हांला शेजारी बसवून ही विद्या शिकविली, तेवढ्या भांडवलावर हा लेख लिहीत आहोत.

वाचकांपैकी ज्यांना हा प्रकार अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपापल्या स्वतंत्र कथांत पराक्रम गाजविणारे वीर एकट्याने न निभावणारे संकट आले म्हणजे एकत्र येतात, ती ही ॲव्हेंजर्स मंडळी. २०१२ साली आलेल्या पहिल्या चित्रपटात असे सहाजण होते. सातवीच्या वहीतील यादीत सत्तावीस आहेत, आणि त्या मूळ सहांपैकी जुन्याच भूमिकेत या यादीत असलेला नट एकच, थॉर झालेला ख्रिस हेम्सवर्थ. दिग्दर्शक अँथनी व जो हे रूसो बंधू आहेत.

२६ मार्च २०२५ रोजी मार्व्हल या अमेरिकन चित्रसंस्थेने ही नावे ज्या रीतीने जाहीर केली ती रीत मोठी मजेची होती. कॅमेऱ्यापुढे एक रिकामी खुर्ची, तिच्या पाठीवर नटाचे नाव. काही मिनिटे जावीत, मग कॅमेरा संथपणे सरकावा आणि शेजारची दुसरी खुर्ची दिसावी. असे पाच तासांहून अधिक वेळ चालले. कथानकाविषयी अक्षर नाही, एखादा प्रसंग नाही. (आमच्याकडील संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने नांदीवाचून पाच तास रिकाम्या खुर्च्या पाहिल्या असत्या काय, याची शंकाच आहे.) जगभर माणसे मात्र त्या खुर्च्यांकडे टक लावून बसली होती. सर्वांत शेवटी रॉबर्ट डाउनी हा नट स्वतः येऊन आपल्या खुर्चीवर बसला.

खुर्च्यांना एवढे मोल का आले? त्यामागे एका फुटलेल्या घराची कथा आहे. १९६३ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या तारखेने मार्व्हलची दोन नवी चित्रमासिके निघाली. एक ‘ॲव्हेंजर्स’, दुसरे ‘एक्स-मेन’. दोहोंचे जनक तेच, लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी. म्हणजे ही भावंडे जुळीच म्हणावयाची. कागदावर ती एकमेकांच्या घरी येत-जात, भांडत आणि समेटही करीत. पुढे १९९०च्या दशकात मार्व्हल कंपनी कर्जात बुडाली, १९९६च्या डिसेंबरात तिने दिवाळखोरी पत्करली. त्या ओढगस्तीच्या काळात पात्रांचे चित्रपटविषयक हक्क वेगवेगळ्या चित्रसंस्थांकडे गेले. एक्स-मेन फॉक्स या संस्थेकडे गेले. २००० साली फॉक्सने त्यांचा चित्रपट काढला व तो गाजला. परंतु पडद्यावर या दोन भावंडांची तोंडे एकमेकांना दिसेनाशी झाली. २००९ मध्ये डिस्नेने सुमारे चार अब्ज डॉलर देऊन मार्व्हल विकत घेतली, आणि २०१९च्या मार्चमध्ये सुमारे एकाहत्तर अब्ज डॉलरना फॉक्सचा मोठा हिस्सा. तेव्हा कोठे वाटणीची भिंत पडली. त्यानंतर एखाददुसरे पात्र पलीकडून डोकावून गेले. परंतु जुनी मंडळीच्या मंडळी खुर्च्या मांडून शेजारी बसण्याचा योग हाच.

हे ऐकताना आम्हांस राहून राहून संयुक्त मानापमानाची आठवण होत होती. किर्लोस्कर मंडळीतून १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. इकडे केशवराव भोसल्यांनी १९०८ साली आपल्याच शेजारच्या हुबळीस ‘ललितकलादर्श’ स्थापिली होती. दोन्ही मंडळ्यांचे भक्त परस्परांशी किती हिरिरीने भांडत याच्या कथा आमच्या आजोबांच्या तोंडून आम्ही ऐकल्या आहेत. अशा दोघांनी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत, टिळक स्वराज्य फंडासाठी, खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त एकत्र उभे राहावे! केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. तो प्रयोग पाहिलेल्यांना पुढे आयुष्यभर सांगावयास तेवढी एकच गोष्ट पुरली.

मुलांना आम्ही ही हकीकत सांगितली, तेव्हा एकाने विचारले, “सर, कोण जिंकलं?” प्रेक्षकांतील पुष्कळजण त्या रात्री हेच पाहावयास गेले असतील. तथापि येथे एक भेद आहे, आणि तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. १९२१ साली नट नवे एकत्र आले; नाटक दहा वर्षांचे मुरलेले होते. धैर्यधरास त्याची पदे होती, भामिनीस तिची. कोणास किती जागा द्यावयाची हा प्रश्न खाडिलकरांनी १९११ सालीच सोडविलेला होता. रूसो बंधूंस सत्तावीस खुर्च्या आधी मांडून मग त्यांना पुरेल असे नाटक सिद्ध करावयाचे आहे. गणित साधे आहे. तीन तासांचा चित्रपट सत्तावीस जणांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्यास सात मिनिटेही येत नाहीत. वर्गातील एका मुलीने याहून बारीक हिशेब केला होता. ती म्हणाली, “सर, सत्ताविसात बायका फक्त पाच आहेत.” आम्ही नावे मोजून पाहिली. व्हेनेसा कर्बी, लेटिशिया राइट, फ्लोरेन्स प्यू, हॅना जॉन-कामेन, रेबेका रोमेन, पाचच.

आमची स्वतःची आस्था दोन खुर्च्यांपाशी थांबली. एक सर इयन मॅकेलन यांची, जन्म १९३९. दुसरी सर पॅट्रिक स्ट्युअर्ट यांची, जन्म १९४०. दोघेही शेक्सपिअरच्या रंगभूमीवर घडलेले. १९७६ साली मॅकेलन यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनीत साकारलेला मॅक्बेथ रंगभूमीच्या अभ्यासकांत आजही नावाजला जातो. एक्स-मेनच्या चित्रपटांत हे दोघे जिवलग मित्र आणि कट्टर विरोधक झाले. आणि मध्यंतरी २००९ साली लंडनच्या रंगमंचावर बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’मध्ये एकत्र उभे राहून त्यांनी न येणाऱ्या गोदोची वाट पाहिली. अशा नटांना चिलखतांच्या आणि वीजगोळ्यांच्या गर्दीत सात मिनिटे मिळणार असतील, तर ती सात मिनिटे पाहावयास आम्ही चित्रपटगृहात जाऊ. एवढे आम्ही घरी जाहीर करून टाकले आहे.

आता डाउनीविषयी. आयर्न मॅन ही भूमिका त्याने २००८ पासून केली. २०१९च्या ‘एंडगेम’मध्ये तो वीर जगासाठी प्राण देतो, त्या चित्रपटाने जगभरात सुमारे दोनशे ऐंशी कोटी डॉलर मिळविले. तोच नट आता खलनायक डॉक्टर डूम होणार आहे. २०२४च्या जुलैत सॅन दिएगो येथील मेळ्यात हिरव्या झग्यातील, मुखवट्याआडचा एक माणूस पुढे आला, त्याने मुखवटा दूर केला, आणि आत डाउनी! खरे सांगावयाचे तर बेत मूळचा हा नव्हता. खलनायक दुसराच ठरला होता; त्या भूमिकेच्या नटास २०२३च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरविले व संस्थेने त्याच्याशी संबंध तोडले. त्याच वर्षी ‘द मार्व्हल्स’ हा चित्रपटही पडला. संसारात चणचण भासू लागली की आजीच्या पेटीतील दागिने बाहेर निघतात, तशातलाच हा प्रकार आम्हांस वाटतो. दागिने अस्सल आहेत, हे मात्र नाकारता येणार नाही.

वहीच्या मालकास हा व्यवहार मान्य नव्हता. “सर, आयर्न मॅननं सगळ्यांसाठी जीव दिला. त्याच माणसाचा आम्ही राग कसा करायचा?” त्याचा आवाज किंचित घोगरा झाला होता. ‘एंडगेम’ आला तेव्हा हा बालवाडीच्या वयाचा. पुढे कधीतरी मोबाइलच्या पडद्यावर त्याने तो मृत्यू पाहिला असणार. आम्ही त्याची समजूत घातली. दशावतारात एका रात्रीचा देव दुसऱ्या रात्री राक्षस होतो, नट वेगळा आणि पात्र वेगळे. शिवाय डूमचा चेहरा लोखंडी मुखवट्याखाली झाकलेला असतो, तेव्हा जुना चेहरा दिसण्याची भीती नको.

तो थोडा विचार करून म्हणाला, “पण सर, आवाज तोच असणार ना.”

एम. ए. ला दोन वर्षे नाट्यशास्त्र वाचूनही यास उत्तर आम्हांस सुचले नाही. आम्ही त्यास ‘आशीर्वाद’ दहा वेळा लिहावयास सांगून वही परत केली.

२०२५च्या डिसेंबरात चित्रपटाची पहिली झलक आली आणि कॅप्टन अमेरिका झालेला ख्रिस इव्हान्सही परतत असल्याचे कळले. पुढच्या खेपेस वही आली तेव्हा यादीत अठ्ठाविसावे नाव चढलेले होते. त्याखाली, निराळ्या आणि अधिक नीटस अक्षरात, कोणी तरी लिहिले होते: ‘अजून पाचच.’