हक्काचे पैसे कुठे अडतात?



सातपुड्याच्या पाड्यांवरील आपल्या कामाला हातभार लावणारे अनेकजण मला विचारतात, "सरकार आता शेतकऱ्याच्या खात्यात थेट पैसे टाकते ना? मग ही कुटुंबे बियाण्यासाठी सावकाराच्या दारात का जातात?" प्रश्न रास्त आहे, म्हणून या अंकात त्याचे उत्तर देतो.

पीएम किसान योजना २०१९ मध्ये सुरू झाली. शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० च्या तीन हप्त्यांत मिळतात. २०२३ पासून महाराष्ट्र शासनाने 'नमो शेतकरी' योजनेतून आणखी ६,००० रुपयांची भर घातली. म्हणजे वर्षाचे १२,००० रुपये. डोंगरउतारावर दीड-दोन एकरांत मका, ज्वारी, भगर पिकवणाऱ्या घरात बियाणे आणि खत यातून उधारीशिवाय येऊ शकते. पण राज्याचा हप्ता केंद्राच्या यादीवरून मिळतो. तिथे नाव अडले की दोन्हीकडचे पैसे थांबतात.

पहिली अडचण जमिनीची. आपल्या अनेक कुटुंबांकडे सातबारा नसतो. त्यांच्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला वनपट्टा असतो. वनपट्टाधारकही या योजनेला पात्र आहेत, हे अनेकांना ठाऊकच नसते. पट्टा विकता येत नाही, पण वारसांकडे जातो. वडील वारले आणि वारसनोंद झाली नाही, तर कसणारा मुलगा कागदावर शेतकरी ठरत नाही.

दुसरी अडचण खात्याची. पैसे आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात जातात. खाती दोन असली, तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या एका दादाने तिकडे खाते उघडले होते. गावच्या बँकेत तो हप्त्याची वाट पाहत होता आणि पैसे त्या विसरलेल्या खात्यात साठत होते!

तिसरी अडचण ई-केवायसीची, म्हणजे ओळख पटवण्याची. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद झालेला असतो, म्हणून ओटीपी येत नाही. केंद्रावर जावे, तर मजुरीने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. मोबाइल ॲपवर चेहरा दाखवूनही ओळख पटवता येते, पण त्यासाठी चांगला फोन, नेटवर्क आणि शेजारी बसून दाखवणारे माणूस लागते.

यातली एकही अडचण पात्रतेची नाही. शेत आहे, घाम आहे, हक्कही आहे. मात्र तालुक्याला एक फेरी म्हणजे जीपचे भाडे आणि बुडालेली मजुरी. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की २,००० रुपयांचा नाद सोडून देणेच बरे वाटते. मग पेरणीच्या तोंडावर सावकार आठवतो.

म्हणून आमचे कार्यकर्ते पाड्यावर बसतात तेव्हा प्रत्येक घराचे तीनच कागद पाहतात: पट्टा किंवा सातबारा, आधार आणि पासबुक. कुठली गाठ अडली आहे ते आधी कळले, तर तालुक्याची एकच फेरी पुरते. खाते नसेल, तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचे खाते पोस्टमनकडूनच उघडून घेतो. वनपट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. म्हणून कागद पाहताना ताईंनाही बोलावतो. घरधनी वारला, तर पुढची धावपळ त्यांनाच करायची असते.

आपल्या मंडळीतील तरुणांना माझी विनंती आहे. महिन्यातला एक शनिवार आणि आपला स्मार्टफोन आम्हाला द्या. फॉर्म भरायला, चेहरा ओळखून घ्यायला, वारसनोंदीचा अर्ज लिहायला शिकलेले हात कमी पडतात. कोणाकडूनही या कामाचा एक रुपया घ्यायचा नाही, एवढाच आमचा नियम आहे.

आपण देत असलेल्या देणगीतून जीपचे भाडे निघते. एका भाड्यात एका घराचे वर्षाचे १२,००० रुपये मोकळे होत असतील, तर ते दान सत्कारणी लागले असे मला वाटते.