गढूळ नीरा कुठे निवळते?

पावसाळ्यात शिरवळच्या पुलाखालून नीरा लालसर, गढूळ वाहते. पुढे वीर धरणाच्या जलाशयात तिचा वेग मोडतो आणि माती तळाशी बसू लागते, हंड्यात भरून ठेवलेलं पाणी निवळावं तशी.

धरणाखाली सोडलेल्या पाण्यात गाळ कमी असतो, पण माती उचलण्याची ताकद शिल्लक असते. म्हणून ते पात्र आणि काठ खरवडतं.

धरण फक्त गाळच अडवतं असं नाही; कोयना धरणामुळे तर नदीची दिशाच बदलली. पूर्वेला कृष्णेकडे जाणारं तिचं बरंच पाणी १९६०च्या दशकापासून बोगद्यांतून पोफळीला उतरतं, वीज निर्माण करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. १,९६० मेगावॉटच्या या प्रकल्पाचा हिशेब मांडताना धरणाच्या शिवसागर जलाशयासाठी उठलेली गावं धरायलाच हवीत. तिथल्या अनेक कुटुंबांना पुनर्वसनासाठी दशकानुदशकं झगडावं लागलं.