झेड नावाची फाईल

सरांचा फोन आला तेव्हा मी वसई रोडला उतरून पुलाच्या पायऱ्या चढत होते. “अगं, त्या काळ्या डिस्कवर झेड नावाची एक फाईल आहे. नुसतं एक अक्षर, पुढे-मागे काही नाही. मुलाच्या लॅपटॉपवर लावली तर कोरा कागद दिसतो, उघडत नाही. जागा मात्र निम्मी अडवून बसलीय. काढून टाकू का?”

मी ‘टाका’ म्हणणारच होते, पण ‘जागा निम्मी’ हे शब्द कानात अडकले. कचऱ्याची फाईल एवढी मोठी नसते. “हात लावू नका,” म्हटलं, “मी येतेच.”

सर म्हणजे माझे शाळेतले मराठीचे सर. निवृत्त झाल्यापासून ते गास, भुईगाव, नंदाखाल, वाघोली, निर्मळ या गावांतून फिरून कादोडी बोलीतली गाणी आणि गोष्टी ध्वनिमुद्रित करतात. कादोडी ही वसईतल्या सामवेदी ब्राह्मणांची आणि कुपारी ख्रिस्ती समाजाची बोली. देवघरं वेगळी, बोली एक. लग्नातली, शेतातली, पाळण्याजवळची गाणी आज बहुतेक म्हाताऱ्या बायकांच्याच तोंडी उरली आहेत आणि त्या बायका दरवर्षी कमी होताहेत. एखादीकडे पुन्हा जाऊन ‘तेवढं परत म्हणा’ असं सांगण्याची सोय नसते.

२०१८ च्या जुलैत वसई आणि नालासोपारा पाण्याखाली गेले, रूळ बुडाले, लोकल बंद पडल्या. सरांच्या घरात पाणी शिरलं तेव्हा त्यांनी भांड्यांच्या आधी संगणक उचलून माळ्यावर ठेवला. पाणी ओसरल्यावर त्यांनी ती काळी डिस्क घेतली आणि मला बोलावलं. त्या संगणकावर लिनक्स आहे, मीच घालून दिलेलं. काळ्या पडद्यावर मी एक ओळ टाइप केली आणि ‘गाणी’ या फोल्डरचं गाठोडं बांधून डिस्कवर ठेवलं. पुढे त्यांना दर रविवारी स्वतः करता यावं म्हणून तीच ओळ एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून दिली. डिस्क लावायची, चिन्हावर दोनदा टिचकी मारायची, काम झालं. सरांनी एकही रविवार चुकवला नाही.

यंदाच्या पावसात, एका बुधवारी, संगणक सुरू झाला नाही. आतली डिस्क टकटक करायची आणि गप्प व्हायची. मी घाबरले नव्हते, गाठोडं होतं ना. काळ्या डिस्कवरचं गाठोडं उघडलं आणि पोटात खड्डा पडला. आत फक्त २०१८ च्या ऑगस्टपर्यंतची गाणी होती. त्यानंतरच्या इतक्या रविवारांचं काहीच नाही. फाईलची तारीखही ऑगस्टचीच. हे सरांना सांगून मी घरी आले आणि ते माझ्यावर रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. झेडचा फोन आला तो त्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी.

आता ती ओळ. गाठोडं बांधणाऱ्या आज्ञेचं नाव टार. ‘टेप आर्काइव्ह’चं हे लघुरूप. १९७९ साली बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ती आली, तेव्हा फाईली चुंबकीय फितीवर ओळीने लिहीत जायचं हेच तिचं काम होतं. फिती गेल्या, आज्ञा राहिली. तिला अक्षरांत सांगायचं असतं: सी म्हणजे नवं गाठोडं बांध, झेड म्हणजे ते दाबून लहान कर, एफ म्हणजे पुढे देतोय त्या नावाच्या फाईलीत ठेव. २०१८ साली मी हाताने लिहिलं होतं: टार, मग एका दमात सी-एफ-झेड, मग गाठोड्याचं नाव, मग फोल्डरचा पत्ता. अक्षरांच्या आधी डॅश नव्हता. ही जुन्या वळणाची लिहिण्याची रीत. तिच्यात सगळी अक्षरं आधी घेतात आणि ज्या अक्षराला काही हवं असतं त्याला ते मागून, क्रमाने मिळतं. एफला नाव हवं होतं, ते मिळालं. गाठोडं नीट बांधलं गेलं.

स्क्रिप्ट लिहिताना मात्र मी अक्षरांपुढे डॅश घातला. इतर सगळ्या आज्ञांना असतो, मग हिलाच का नको, ओळ नीटनेटकी दिसावी, एवढाच विचार. डॅश घातला की नियम बदलतो. एफला जे हवं ते त्याला चिकटून आलेलंच तो घेतो. चिकटून काय होतं? झेड. म्हणजे ‘झेड नावाच्या फाईलीत गाठोडं बांध’. मग पुढे आलेलं गाठोड्याचं नाव हे त्याला भरायच्या सामानातलं एक वाटलं.

हे सरांना त्या संध्याकाळी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे एफ सकर्मक आहे,” ते म्हणाले. “सी आणि झेड अकर्मक. सकर्मक क्रियापदाला कर्म लागतं, आणि तुमच्या या भाषेत विभक्ती नाही, म्हणून ते शेजारीच बसावं लागतं. मराठीत आंबा कुठेही ठेव, रामानेच खाल्ला हे कळतं.” टारबद्दल मी आजवर जे काही वाचलंय त्यात इतकं नेमकं कुणी लिहिलेलं आठवत नाही. आता मी कुणालाही शिकवताना हेच सांगते: एफ सकर्मक आहे, त्याला सगळ्यात शेवटी ठेवा.

पण मग टार ओरडला का नाही? एरवी ही चूक लगेच पकडली जाते. सामान म्हणून दिलेली त्या नावाची फाईल जागेवर नसते, टार ‘अशी फाईल नाही’ म्हणून सांगतो आणि शेवटी चूक झाल्याचा आकडा परत देतो. आमच्याकडे ती फाईल होती! ऑगस्टमधलं गाठोडं डिस्कवर त्याच नावाने पडलेलं होतं. टारने ते निमूटपणे उचललं, झेडमध्ये घातलं, त्यामागे ‘गाणी’ फोल्डर घातलं आणि सगळं ठीक असल्याचा शून्य परत दिला. दर रविवारी पडद्यावर एकच ओळ यायची, नावांच्या सुरुवातीची तिरकी रेघ काढून टाकत आहे अशा अर्थाची. ती निरुपद्रवी असते. पूर्ण पत्ता दिला की ती येतेच, आणि उघडताना गाठोड्याने भलत्या जागी जाऊन लिहू नये म्हणून टार ते करतो. सरांनी ती ओळ पहिल्या रविवारी मला फोनवर वाचून दाखवली होती. मी म्हटलं होतं, ती येतेच, लक्ष देऊ नका.

फोन आला तेव्हा पुलाच्या पायऱ्यांवर मला नुसता संशय आला होता, तो सरांच्या पडवीत बसल्यावर खात्रीत बदलायचा होता. त्यांच्या बंद पडलेल्या संगणकाला दुरुस्तीच्या पेनड्राइव्हवरून उठवलं, काळी डिस्क लावली आणि झेड उघडण्याआधी तिचे पहिले ५१२ बाइट पडद्यावर छापले. टारच्या गाठोड्यात प्रत्येक फाईलीच्या आधी ५१२ बाइटांची एक चिठ्ठी असते. पहिले १०० बाइट नावाला. मग परवानग्या, मालकाचा क्रमांक, मग फाईलीचा आकार, मग १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद, आणि हे आकडे आठच्या पायात लिहिलेले. २५७ बाइट सोडले की ‘यूस्टार’ हा ओळखीचा शब्द. मुलाच्या लॅपटॉपवरच्या विंडोजला कोरा कागद दिसला कारण तो नावाच्या शेपटीवरून ओळख पटवतो, आणि झेडला शेपटीच नव्हती. लिनक्स आत डोकावून हा शब्द शोधतो.

चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत जुन्या गाठोड्याचं नाव होतं. त्याच्यामागे नुसती शून्यं. खाली, बरोबर जागेवर, यूस्टार. मी सरांचा हात धरला.

मग यादी मागितली आणि पुन्हा छातीत धस्स झालं. नावांच्या जागी आकडेच आकडे: उलटी तिरकी रेघ ३४०, रेघ २४४, रेघ २२५, असं पानभर. सर म्हणाले, “गेलं का?” मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण ३४०, २४४, २२५ हे आठच्या पायातले तीन बाइट म्हणजे आपला ‘क’. अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, आणि बहुतेक चिन्हांची सुरुवात ३४०, २४४ किंवा ३४०, २४५ अशीच होते. ‘कादोडी’ हा तीन अक्षरांचा शब्द तिथे अठरा बाइटांचा असतो. दुरुस्तीच्या त्या लिनक्सला कुठलीही भाषा नेमून दिलेली नव्हती, म्हणून इंग्रजीबाहेरचं जे दिसेल ते टार आकड्यांत दाखवत होता. आतली नावं शाबूत होती. नावं आहेत तशी छाप असं त्याला सांगणारा एक पर्याय आहे, तो लावला. पडदा मराठी झाला. ‘सोपाऱ्याची वाट’, ‘हळद भाग दोन’, ‘विहिरीवरची’. सर खुर्ची पुढे ओढून मोठ्याने वाचायला लागले, हजेरी घेतात तसे.

मधूनमधून १०० बाइटांची ती मर्यादाही दिसत होती. देवनागरीत १०० बाइट म्हणजे जेमतेम ३३ चिन्हं, आणि सर नावात गाव, बाईंचं माहेर, महिना असं सगळं लिहितात. अशा लांब नावासाठी लिनक्सवरचा ग्नू टार आधी ‘लाँगलिंक’ नावाची जादा चिठ्ठी जोडतो आणि पूर्ण नाव तिच्यात ठेवतो. सरांना ते फार आवडलं. लिफाफ्यावर पत्ता मावला नाही तर आपण मागच्या बाजूला लिहितो, तसंच आहे हे.

झेड का एवढी मोठी? कारण दाबून लहान करणारं अक्षर नाव होऊन बसलं होतं, म्हणून गाठोडं न दाबताच बांधलं गेलं. खरं म्हणजे ध्वनिमुद्रणाला त्या दाबण्याचा फारसा उपयोगही नसतो. सर वेव्ह फाईली ठेवतात, मिनिटाला १० एमबीच्या आसपास. दाबण्याचं काम करणारं जीझिप त्यांतून थोडंच काढू शकतं, आणि एमपीथ्री तर आधीच पिळलेली असते, तिच्यातून काहीच निघत नाही. लिखाणाच्या फाईलींना ते उत्तम. ज्या अक्षराने हा घोळ घातला ते मुळात लागतच नव्हतं, आणि नव्या ओळीत मी ते ठेवलेलं नाही.

गाणी माझ्या लॅपटॉपवर उघडायला अर्धी रात्र गेली. मधे वीज गेली, सरांच्या घरच्यांनी भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण पुढे ठेवलं, वीज आली. एक फाईल उघडताना टार अडखळला की काय असं वाटलं, पण ती नुसतीच मोठी होती. सरांना मी विचारलं, यातलं काही अर्धवट निघालं असतं तर? ते म्हणाले, “सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडाच मिळाला, १८८२ साली, भगवानलाल इंद्रजींना. तुकडा होता म्हणून टाकला का कुणी?”

सकाळी ताळा घ्यायला बसलो. सरांच्या मुलाच्या जुन्या मॅकवर काही गाण्यांच्या जुन्या प्रती होत्या, त्यांची यादी आणि झेडमधली यादी शेजारी ठेवून फरक काढला. काही नावं दोन्हीकडे असूनही ‘फक्त इकडे’ आणि ‘फक्त तिकडे’ म्हणून येत होती. ‘सोपाऱ्याची वाट’ त्यातलंच. अक्षर न् अक्षर सारखं. तासाभराने लक्षात आलं की अशा प्रत्येक नावात ‘ऱ’ आहे. हा ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं जोडून. मॅकच्या जुन्या डिस्कांची पद्धत नावं अशी सुटी करून ठेवायची. लिनक्स आपण देऊ ते बाइट जसेच्या तसे ठेवतो. डोळ्याला एक, यंत्राला दोन. शिवाय ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून तिसऱ्या रीतीनेही ‘ऱ्या’ उमटतो, तीही दोन नावं सापडली. ज्या भाषेत किनाऱ्यावरून सोपाऱ्याला जायचं तिला हे टाळता येणार नाही.

सरांनी विचारलं, “यातला शुद्ध कोणता?” तिन्ही शुद्ध. मग त्यांनी एका चिन्हाचा ‘ऱ’ निवडला आणि आम्ही सगळी नावं त्याप्रमाणे केली.

नवी स्क्रिप्ट तीन ओळींची आहे. पहिली गाठोडं बांधते, नावात त्या दिवसाची तारीख घालून, म्हणजे जुनं नाव पुन्हा सामान म्हणून मिळायचा प्रश्नच नको. पत्ता द्यायच्या आधी सी हे मोठं अक्षर देऊन टारला ‘गाणी’च्या वरच्या फोल्डरमध्ये उभं केलंय, त्यामुळे तिरकी रेघ काढल्याची ओळही येत नाही. आता काही ओळ आलीच तर ती वाचायची. दुसरी ओळ डी हे अक्षर देऊन गाठोड्यातली प्रत्येक फाईल संगणकावरच्या फाईलीशी ताडून बघते. ते ग्नू टारला येतं, मॅकवरच्या टारला येत नाही. तिसरी ओळ त्या ताडण्याने परत दिलेला आकडा छापते.

पहिल्या रविवारी मी शेजारी बसले होते. दुसऱ्याच संगणकावर, माझ्या जुन्या. सरांनी दोनदा टिचकी मारली. बराच वेळ डिस्कचा दिवा लुकलुकत राहिला, पडद्यावर काहीच नाही.

“काही बोलत नाहीये.”

“ताडतोय. फरक दिसला तर बोलेल.”

मग एक शून्य आला. सरांनी वही उघडून तारीख लिहिली, तिच्यापुढे शून्य लिहिला आणि विचारलं, “झेड आता काढू?”

“अजून नको,” मी म्हटलं.