आरव्हीतलं तापलेलं आउटलेट आणि न पडलेला ब्रेकर

गेल्या ऑक्टोबरात आम्ही भाड्याची आरव्ही घेऊन ग्रँड कॅन्यनला गेलो होतो. रात्री थंडी चांगलीच वाढली. कॅम्पग्राउंडच्या भाड्यात वीज धरलेलीच होती, मग प्रोपेन कशाला जाळायचा, म्हणून मागच्या बेडरूममध्ये १५०० वॅटचा छोटा हीटर लावला. तासाभराने पाणी प्यायला उठले, तर जेवणाच्या टेबलापाशी जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. तिथल्या आउटलेटमध्ये काहीही लावलेलं नव्हतं, तरी त्याच्यावरची पट्टी चटका बसेल इतकी तापली होती. हीटर बंद केल्यावर ती हळूहळू निवली. ब्रेकर मात्र शेवटपर्यंत पडला नाही.

माझं रोजचं काम धातूंच्या पृष्ठभागांवरचं आहे, त्यामुळे घरी आल्यावर हे डोक्यातून जाईना. रिकामं आउटलेट तापलं कसं? आणि ब्रेकर गप्प का बसला?

ब्रेकरला काय दिसतं?

ब्रेकर फक्त एक गोष्ट पाहतो: तारेतून किती प्रवाह जातोय. १२० व्होल्टवर १५०० वॅटचा हीटर १२.५ अँपिअर घेतो. १५ अँपिअरच्या ब्रेकरच्या दृष्टीने सगळं ठीक आहे. वाटेतला एखादा जोड सैल असेल तर तिथला रोध वाढतो आणि त्यामुळे प्रवाह उलट किंचित कमीच होतो. जीएफसीआय आउटलेटचाही इथे उपयोग नाही. ते जाणारा आणि परत येणारा प्रवाह सारखा आहे का एवढंच तपासतं, आणि सैल जोडातून दोन्ही सारखेच वाहतात.

उष्णता मात्र त्या एका बिंदूवर साठते. तिचं गणित शाळेतलंच आहे: प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. चांगल्या जोडाचा रोध ओहमच्या हजाराव्या भागाइतका असेल, तर १२.५ अँपिअरला तिथे जेमतेम ०.१६ वॅट उष्णता तयार होते. तोच रोध ०.२ ओहम झाला, तर ३१ वॅट. म्हणजे भिंतीच्या आत, प्लास्टिकच्या डबीत, एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं.

इथे आपल्या लोकांसाठी एक मुद्दा महत्त्वाचा. 'लूज काँटॅक्ट' हा शब्द आपण लहानपणापासून ऐकलाय. इस्त्रीचा काळवंडलेला प्लग, गिझरचं तपकिरी पडलेलं बटण आपण पाहिलंय आणि चालवूनही घेतलंय. पण भारतात २३० व्होल्टवर १५०० वॅटचं उपकरण साधारण ६.५ अँपिअरच घेतं. अमेरिकेत तेवढ्याच वॅटला प्रवाह जवळजवळ दुप्पट, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणजे तितकाच खराब जोड इथे सुमारे ३.७ पट जास्त तापतो. तिथला 'चालतंय की' इथे महागात पडू शकतो.

जोड बिघडतो कसा?

डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे दोन धातू खरं तर मोजक्या उंचवट्यांवरच एकमेकांना टेकतात. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ राग्नार होल्म यांनी विसाव्या शतकात याचा पाया घातला. विद्युत जोडांवरची वार्षिक परिषद आजही त्यांच्या नावाने भरते. सगळा प्रवाह या बारीक ठिपक्यांतूनच जातो. त्यांच्यावरचा दाब कमी झाला की ठिपके कमी होतात आणि रोध वाढतो. मग जोड तापतो, तांब्यावर ऑक्साइड चढतं, रोध आणखी वाढतो. तापणं आणि निवणं यांतल्या प्रसरण-आकुंचनाने पकड अजून ढिली होते. हे चक्र आपोआप थांबत नाही.

याची टोकाची अवस्था १९७७ मध्ये नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने (आजची एनआयएसटी) अभ्यासली होती. सैल जोडात तांब्याच्या ऑक्साइडचा लाल तापलेला पूल तयार होतो आणि १५ अँपिअर प्रवाहाला तिथे ३५ वॅटपर्यंत उष्णता निघू शकते. शेजारच्या तारेचं आवरण मात्र ९० अंश सेल्सियससाठी बनवलेलं असतं.

आरव्हीतच जास्त का?

घराच्या भिंतीत आउटलेटमागे खोल डबा असतो आणि तार सहसा स्क्रूखाली आवळलेली असते. आरव्हीच्या भिंती पातळ, वजन कमी ठेवायचं, काम झटपट उरकायचं. म्हणून अनेक आरव्हींत डब्याशिवाय बसणारी आउटलेटं वापरतात. त्यांच्या आत धातूचे दुबेळके असतात. हत्याराने केबल दाबली की ते आवरण कापून तांब्याला पकडतात. अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडला हे मान्य आहे आणि नीट दाबलेला जोड चांगलं काम देतो. पण पकड सगळी त्या लहानशा दुबेळक्याच्या स्प्रिंगवर असते, आणि आरव्ही हे रस्त्यावर हजारो मैल हादरे खाणारं घर आहे. प्रत्येक हादऱ्याला जोडात मायक्रोमीटरची हालचाल होते, आणि तेवढीही ऑक्साइड वाढवायला पुरते.

आता रिकाम्या आउटलेटचं कोडं. ही आउटलेटं एकामागून एक माळेसारखी जोडलेली असतात. मागच्या बेडरूममधल्या हीटरचा सगळा प्रवाह टेबलाजवळच्या आउटलेटच्या जोडातून जात होता. म्हणून हीटर एकीकडे आणि वास दुसरीकडे.

मग करायचं काय?

आरव्ही भाड्याची असो की स्वतःची, पहिल्याच दिवशी उजेडी एक चाचणी करा. १५०० वॅटचा हीटर किंवा हेअर ड्रायर एका आउटलेटला लावा. तो पंधरा मिनिटं चालू ठेवा, कोणीतरी शेजारी थांबून. मग त्या ओळीतल्या सगळ्या आउटलेटांवरून हात फिरवा, रिकाम्यांवरूनही. किंचित कोमट ठीक, पण हात ठेववत नसेल तर धोका. पट्टीचा बदललेला रंग, जळका वास, चरचर आवाज, लुकलुकणारा दिवा, सैल बसणारा प्लग, यांतलं काहीही दिसलं की त्या ओळीचा ब्रेकर बंद करा.

प्लगमध्ये खोचायचा व्होल्टमीटर असेल तर अजून चांगलं. प्रत्येक आउटलेटवर भार नसताना आणि असताना व्होल्टेज पाहा. शेजाऱ्यांपेक्षा एखाद्याच ठिकाणी दोन-तीन व्होल्ट जास्त पडत असतील, तर तिथला किंवा त्याच्या आधीचा जोड संशयित.

आरव्ही भाड्याची असेल तर आत हात घालू नका, मालकाला कळवा. स्वतःची असेल तर जाणकाराकडून ते आउटलेट बदलून, योग्य डब्यात, स्क्रूवालं बसवून घ्या. काम सुरू करण्यापूर्वी बाहेरची केबल काढायची, जनरेटर आणि इन्व्हर्टरही बंद करायचा, आणि टेस्टरने खात्री करून घ्यायची. स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळायचा. २०१७ च्या कोडमध्ये तर टॉर्क मोजणारं हत्यार वापरण्याची अटच होती.

आणि हीटर? लावायचाच असेल तर कमी वॅटवर, जागेपणी. झोपताना आरव्हीचा स्वतःचा प्रोपेन फर्नेस लावा आणि त्याआधी धुराचा व कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दाबून पाहा. आम्ही उरलेल्या दोन रात्री तेच केलं. वाचलेला प्रोपेन चार डॉलरचाही नसेल.